मुळ्याचा अर्क आणि वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण

६ एप्रिल २०२५, रविवार

वरचा मजला आजपासून भाड्यानं गेला. माझी पद्धत अशी की नोंद परक्यानं वाचली तरी त्याचं कुठं अडता कामा नये, म्हणून नीट लिहितो. भाडेकरू : डॉ. नीरजा शिंगटे, वय एकतीस, गाव सातारा, लग्न नाही. डॉक्टर म्हणजे नाडी बघणारी नव्हे, पीएच.डी.वाली. इथल्या एका संशोधन संस्थेत बुरशीमुळे होणाऱ्या रोगांवर काम करते. सामान : दोन ट्रंका, एक कूलर आणि पुस्तकांची खोकी.

खोकी मीच चढवून दिली. एकावर बुरशीशास्त्राचं नाव दिसलं तेव्हा सहज म्हणालो, "या विषयात आपलंही थोडं वाचन आहे."

"हो का काका? छान!" ती म्हणाली, आणि लगेच माझ्या बायकोकडे वळली. "ताई, पाणी कधी येतं हो इथं?"

"नर्मदेचं पाणी एक दिवसाआड," वसू म्हणाली. "भरून ठेवत जा, नाहीतर मला हाक मार."

मी त्रेपन्न. वसुंधरा एकोणपन्नास. तिला ताई, मला काका. एका दमात नवरा-बायकोत एका पिढीचं अंतर पाडलं या पोरीनं.

१० एप्रिल, गुरुवार

वसूनं तिला जेवायला बोलावलं आणि दाल-बाफले केले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. माझ्या वाढदिवसाला ‘गरमी फार आहे’ म्हणून टाळले होते तेच.

"तुम्ही नक्की करता काय?" मी विचारलं.

"बेडकाच्या कातडीवर काम करते, काका."

वसूनं हातातला बाफला ताटात ठेवला.

"मारत नाही हो बेडूक!" ती हसायला लागली. "बघा ना, बेडूक कायम ओला, चिखलात बसलेला. त्याच्यावर बुरशीनं सगळ्यांच्या आधी तुटून पडायला हवं. पण पुष्कळ बेडूक टिकून राहतात, कारण त्यांच्या कातडीतून पेप्टाइडं पाझरतात. प्रथिनांचे छोटे तुकडे. त्यातल्या एकाची नक्कल आम्ही यंत्रावर बनवतो. हे तुकडे बुरशीच्या पेशीच्या आवरणाला जाऊन चिकटतात आणि भोकं पाडतात. नेहमीची औषधं बुरशीचं एखादं काम अडवतात, मग ती दुसरी वाट काढते. भिंतच फुटली तर सावरणं तिला जड जातं."

समजावून छान सांगते, हे लिहिलं पाहिजे. वसू तर जेवायची थांबून ऐकत होती. मी विचारलं, "इतकं गुणाचं आहे तर माझ्या दुकानात का नाही आलं अजून?"

"कारण लॅबमधल्या प्लेटमध्ये सगळीच औषधं शूर असतात, काका. घामातलं मीठ लागलं की हे ढिलं पडतं. त्वचेवरची एन्झाइमं त्याचे तुकडे करतात. मात्रा वाढवावी तर आपल्याच पेशी फुटतात. अजून दहा वर्षं तरी लागतील. कदाचित जमणारच नाही."

जमणारच नाही! असं म्हणून तिनं आणखी दाल घेतली. मी म्हणालो, आमचं तसं नाही. अन्नपूर्णा भागात आमचं मेडिकल, म्हणजे औषधांचं दुकान आहे. परवाना धाकट्या भावाच्या डिप्लोम्यावर, अक्कल माझी. आजोबा होळकरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथून हात आला, बाकी सगळं मी स्वतः वाचून मिळवलं. बारावीनंतर एक परीक्षा दिली नाही, पण अर्ध्या कॉलनीचा दाद, म्हणजे तुमचं गजकर्ण, माझ्या थ्री-इन-वन ट्यूबनं दोन दिवसांत गप्प होतो.

"त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं ना काका? त्यानं खाज थांबते, कारण त्वचेचं बुरशीशी भांडणच बंद पडतं. बुरशीला मोकळं रान मिळतं. मग ती पसरते."

"गिऱ्हाईक तर परत येऊन तीच ट्यूब मागतं."

"तेच म्हणतेय मी."

वसू पाणी आणायला उठली. जग भरलेला होता.

१८ एप्रिल, शुक्रवार

वसूच्या डाव्या कोपराखालची चकती पुन्हा उठली. गेल्या गणपतीपासून हे चालू आहे. माझी ट्यूब लावली की बसते, सोडली की उठते. चूक औषधात नाही, वापरण्यात आहे. हिला ओल्या हातांनी चुलीपाशी उभं राहायची सवय. शिवाय आंघोळीनंतर कोरडं करत नाही, किती वेळा सांगितलं.

ट्यूब दिली. तिनं घेतली. आजकाल फार कमी बोलते. खाली, म्हणजे. वर बरंच बोलते.

२३ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी दुकानातून आल्यावर अर्धा तास मी वसूला वाचून दाखवतो. वीस वर्षांचा शिरस्ता आहे. औषधांच्या कंपन्यांची पत्रकं असोत, आरोग्याच्या मासिकातला लेख असो, ती भाजी निवडते, मी वाचतो. मध्ये ‘अगं बाई’ म्हणते. आज आलो तर भाजी ओट्यावर आणि वसू वर. जिन्यातून हसण्याचा आवाज. माझ्या वाचनात ती असं हसल्याचं आठवत नाही. तसे विनोदी लेख मी आणत नाही, हे खरं.

खाली आली तेव्हा विचारलं, "एवढं काय चाललं होतं?"

"काही नाही. बायकांचं."

नवे तीन ब्लाउज शिवून आणलेत, पाठ पार मानेपर्यंत बंद. चाळीस डिग्रीत! ही नीरजाची फॅशन असणार. आणि दाराच्या चौकटीला टेकून बोलायची नवी ढब. टेकते काय, पाठ घासते अगदी गाईसारखी. म्हटलं, रंग जाईल चौकटीचा. तेव्हापासून टेकत नाही.

२७ एप्रिल, रविवार

सापडलं. बेडूक कशाला हवा? मुळ्याच्या बियांत बुरशीला मारणारी पेप्टाइडं असतात. बी जमिनीत ओलं होऊन पडतं तेव्हा कुजू नये म्हणून निसर्गानं केलेली सोय. हे नव्वदच्या दशकापासून लोकांना माहीत आहे आणि बाईसाहेब बेडूक घेऊन बसल्यात. शिवाय हे पेप्टाइड उकळलं तरी मोडत नाही. म्हणजे काढायची रीत माझी मलाच सुचली : बी कुटायचं, सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, आंबट पाण्यात भिजवायचं, उकळायचं. बाकीची प्रथिनं दुधासारखी फाटून खाली बसतील, आपलं वर पाण्यात राहील. मग गाळायचं.

बियाण्याच्या दुकानदारानं विचारलं, "कितने बीघा में डालोगे?" म्हटलं, "एक कोपर में." त्याला कळलं नाही. बरं झालं.

४ मे, रविवार

वसूचा कुकर घेतला. बुरशी वाढवायच्या काचेच्या प्लेटा निर्जंतुक करायला त्याशिवाय उपाय नाही. बटाट्याचं पाणी, साखर, घट्ट व्हायला चायना ग्रास. वसूच्या चकतीची खपली चिमट्यानं काढून पेरली. ही बुरशी आळशी, आठवडा तरी घेणार. प्लेटा मसाल्याच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या.

"तिथं माझं हिंग असतं," वसू म्हणाली.

"हिंग हलव."

तिनं हिंग हलवलं, मग धणे, मग सगळंच खाली काढलं. कुकर नाही म्हणून वरण आज गंजात, उघड्या पातेल्यात शिजवलं, कच्चट झालं होतं. मी तक्रार केली नाही.

१४ मे, बुधवार

विजय! अर्कात बुडवलेला गाळणकागदाचा तुकडा प्लेटमध्ये ठेवला होता, त्याच्याभोवती बुरशी उगवलीच नाही. स्वच्छ गोल, एकवीस मिलिमीटर. चारही बाजूंनी मोजला. कडेला पांढरा कापूस, मध्ये आरसा.

खाली ठेववेना. प्लेट घेऊन वर गेलो. नीरजानं खिडकीपाशी नेऊन नीट बघितली. आधी म्हणाली, "काका, घरात स्वयंपाकाच्या कपाटात असलं काही वाढवू नका, प्लीज." मग म्हणाली, "पण काम सफाईचं आहे. चायना ग्रासवर इतकी सारखी वाढ आमच्या लॅबमधल्या मुलांना जमत नाही."

मी खाली उतरायच्या बेतात होतो. तेवढ्यात : "नुसत्या सिरक्याच्या पाण्याची प्लेट लावली होती का? बी न घालता?"

"नाही. कशाला?"

"सिरकाही बुरशीला मारतो ना. मग हा गोल मुळ्याचा की सिरक्याचा, कसं कळणार?"

हे लोक असेच. दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं बघवत नाही, मग मीठ कमी आहे म्हणायचं. मी म्हणालो, "मुळ्याचा आहे. वासावरून कळतं." ती हसली नाही. हसली असती तर मला बोलता आलं असतं.

सिरक्याची प्लेट लावणार नाही. तिनं सांगितली म्हणून तर मुळीच नाही.

१६ मे, शुक्रवार

प्लेटपेक्षा माणूस मोठा पुरावा. आजपासून वसूला अर्क सुरू. सकाळ-संध्याकाळ आंघोळीच्या वेळी कापसानं लावायचा, वाळू द्यायचा. मी बाटली भरून मोरीतल्या कोनाड्यात ठेवली आणि रविवारच्या रविवारी चकती पट्टीनं मोजायची ठरवली. आज सव्वीस मिलिमीटर, कड लाल, उठलेली.

"ट्यूब बंद करू?" वसूनं विचारलं.

"बंद. पूर्ण बंद. निकाल शुद्ध हवा."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं. विश्वास आहे अजून बाईचा.

२५ मे, रविवार

एकोणीस मिलिमीटर! कड फिकट. मागच्या रविवारी चोवीस होती.

आणखी एक निरीक्षण, कुणी पुस्तकात लिहिलेलं नाही. वसूला कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी लागते, मीच हातावर ठेवतो. या आठवड्यात रोज म्हणते, नको, आता लागत नाही. म्हणजे अर्क कातडीतून आत जाऊन पचनही सुधारत असावा. भूकही वाढलीय, दुपारच्या जेवणानंतर लगेच काहीतरी तोंडात टाकून पाणी पिते.

स्वच्छतेचंही नवं वेड लागलंय. टॉवेल वेगळा, चादरी उकळत्या पाण्यात, कपडे उलटे करून कडक उन्हात. मलाही म्हणाली, "तुम्हाला कुठं खाजतं का बघा हो एकदा." म्हटलं, मी रोज औषधांत वावरणारा माणूस, मला काय होतंय.

एकच त्रास. मोरीला मुळ्याचा उग्र वास येतो. काम करणाऱ्या बाईला झापलं, की फिनाइल नीट टाकत नाहीस. ती वसूकडे बघत राहिली.

२८ मे, बुधवार

नीरजा चहाला खाली आली होती. मी वसूचा हात धरून तिच्यापुढे केला. "बघा. बेडकाला दहा वर्षं, मुळ्याला दोन आठवडे."

ती काही म्हणेल, सिरका म्हणेल, मीठ म्हणेल, याची मी वाट बघत होतो. माझी उत्तरं तयार होती. ती वसूकडे बघत राहिली. वसू गाळणीकडे.

"छान आहे, काका," ती अखेर म्हणाली. चहा अर्धा ठेवून वर गेली.

इतकं शिकलेलं माणूस गप्प बसलं की कसं दिसतं, ते आज बघितलं. गोड वाटलं. खोटं कशाला लिहू?

रात्री मी वाचायला बसलो तर वसू खाली होती, भाजी निवडत. पण ‘अगं बाई’ म्हणाली नाही.

३० मे, शुक्रवार

गौतमपुऱ्याहून नानामामांचा फोन. आईचे धाकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वय, शुगर जुनी. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, कातडी फाटलीय, खाज जात नाही. म्हटलं, या रविवारी या, आपल्याकडे नवीन चीज आहे. दुसरा रुग्ण! दोन झाले की इथल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानात बोलता येईल. सचिवांना विचारून ठेवलं. म्हणाले, जूनमध्ये एक गुरुवार मोकळा आहे, नीरजाताईंचं व्याख्यान ठेवायचा विचार होता, पण तुम्हीही बोला. तुम्हीही!

वसूला सांगितलं तर तिच्या हातातली कणीक तशीच राहिली.

"नानामामांना नको."

"का?"

"म्हातारे आहेत. शुगर आहे. आधी डॉक्टरला दाखवू."

"तुला उतार पडला तेव्हा डॉक्टर कुठे होता?"

ती पुन्हा कणीक मळायला लागली. हिलासुद्धा वरच्या मजल्याची हवा लागली.

३१ मे, शनिवार

नीरजा दुकानात आली. घरी नाही, दुकानात, गिऱ्हाइकांच्या मध्ये.

"काका, नानांच्या पायाला भेगा आहेत. शुगर आहे. त्यात सिरका जाणार. जखम चिघळली तर बोट जाईल त्यांचं."

"वसूला काय झालं?"

"वसुताईंचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"तुम्ही वसुताईंशी बोला."

"माझ्या बायकोशी बोलायला मला भाडेकरूची शिफारस लागत नाही."

शेजारचे गुप्ताजी काउंटरला टेकून ऐकत होते. "क्या भिया, मैडम से भी उधारी?" म्हणाले. नीरजा निघून गेली. तिचे डोळे भरले होते असं वाटलं. हरणं जड जातंच.

१ जून, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

नानामामा सकाळच्या बसनं आले. स्टुलावर पाय, खाली परात, माझ्या हातात कापूस. नीरजालाही मीच बोलावलं होतं, की या, बघा. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, पुढे आली नाही.

"लाव रे बाबा लवकर," नानामामा म्हणाले, "या खाजेनं जीव खाल्लाय. रातभर बैलासारखा पाय घासतो."

मी कापूस बुडवला. वसू स्वयंपाकघरातून आली, हात पिठाचे.

"थांबा."

"काय झालं?"

"लावू नका. मी ते एकदाही लावलेलं नाही."

मला कळेना. "काय नाही लावलंस?"

"तुमचं मुळ्याचं पाणी. रोज मोरीत ओतत होते." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "मी डॉक्टरकडे जाते. चामडीच्या. जेवणानंतरच्या गोळ्या चालू आहेत माझ्या, त्यांच्याबरोबर अॅसिडिटीची चालत नाही, आणि मलम आहे. त्यानं उतरतंय."

कापसातून थेंब परातीत पडत होते.

"मतलब," नानामामा म्हणाले, "माझ्या पायाचं मुळ्याचं लोणचं होणार होतं!" आणि खो खो हसले. कुणी साथ दिली नाही तेव्हा थांबले, पाय हळूच खाली घेतला, चपलेत घातला. मग वसूला म्हणाले, "बरं झालं बोललीस, सूनबाई. पाय एकच चांगला राहिलाय माझा."

मी वसूकडे बघायला हवं होतं. मी नीरजाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर विजय असता तर बरं झालं असतं. ती जमिनीकडे बघत होती, आपलंच काही फुटल्यासारखी.

म्हणजे तिला माहीत होतं. मी वसूचा हात तिच्यापुढे नाचवला तेव्हाही.

२ जून, सोमवार

नानामामांना नीरजाच डॉक्टरकडे घेऊन गेली. मी दुकान उघडलं.

माझी मापं सगळी बरोबर होती. सव्वीस, चोवीस, एकोणीस. एकही चूक नाही.

दुपारी सचिवांना फोन करून सांगितलं, माझं नाव काढा. का, विचारलं. म्हटलं, विषय नीरजाताईंचा आहे.

४ जून, बुधवार

घरात बोलणं ‘जेवता?’ आणि ‘हो’ एवढंच.

दुकानात एक मुलगा आला, मानेवर, हातावर, कानामागे गोल. "भिया, वो दाद वाली ट्यूब देना, तीन वाली." हात नेहमीसारखा वरच्या खणात गेला. तिथंच थांबला. म्हटलं, "कब से लगा रहे हो?"

"होली से. जाता है, फिर आ जाता है."

"डॉक्टर को दिखा दो."

"अरे आप ही तो देते हो हर बार!"

"अब नहीं देता. स्किन वाले को दिखाओ."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंच डोकं फिरलंय. रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला, ट्यूब घेऊन आला आणि जाताना मला दाखवून गेला. समोरच्या दुकानदारानं हात हलवला. तो तर साधं पत्रकसुद्धा वाचत नाही.

वरचा खण रिकामा करून माल कंपनीला परत पाठवायला बांधला. धाकटा भाऊ मानस म्हणाला, "दादा, इसके बिना महीने का क्या होगा?" म्हटलं, परवाना तुझा, तूच सांग. तो गप्प बसला. कुणालाही गप्प बसवणं मला अजून जमतं. त्यात आता मजा नाही.

८ जून, रविवार

अखेर मीच विचारलं. ती कपडे उलटे करून दोरीवर घालत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं, की पसरतंय. तुम्ही म्हणालात, नियम पाळत नाहीस."

"पसरलं कुठं? एक तर चकती."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. वळली, पदर बाजूला केला, ब्लाउज मागून पार वर ओढला. सगळी पाठ. कमरेपासून वरपर्यंत नकाशासारख्या चकत्या, काही जुन्या, काळवंडलेल्या, काही अजून लाल.

"हात पुढे कर म्हणायचात," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "मी हात पुढे करायचे. तुम्ही मोजायचात."

मी काही तरी म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं ते हे : "आणि तिला दाखवलंस."

"तिनं विचारलं, ताई, तुम्ही चौकटीला पाठ का घासता."

"मीही विचारलं होतं."

"तुम्ही रंगाचं विचारलं होतं."

मग तीच म्हणाली, "डॉक्टरांनी ओरडून विचारलं, ये ट्यूब किस मूरख ने दी? मी म्हटलं, रस्त्यातल्या एका मेडिकलमधून घेतली."

"नीरजा होती तिथं?"

"होती."

"ती काय बोलली?"

"काही नाही. तिनं डॉक्टरांना दुकानाचं नावही विचारू दिलं नाही, गोळ्यांचंच विचारत बसली." पदर सारखा केला. "तिचं म्हणणं होतं, तुम्हाला सांगून टाका. रोज म्हणायची. मीच नको म्हटलं. तुम्ही किती खुशीत होतात. प्लेट घेऊन जिना चढलात तसे तर लग्नानंतर मी तुम्हाला बघितलं नव्हतं."

वीस वर्षं मी वाचत होतो आणि ही ऐकत होती, असं मला वाटायचं. ही मला वाचत होती. आणि मला जाळतं ते हे की, तिनं वाचलेलं ज्या माणसाला सांगितलं, ते माणूस मी नव्हतो.

११ जून, बुधवार

वर गेलो. दार ठोठावलं. नीरजानं खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही.

"सिरक्याची प्लेट लावली," मी म्हणालो. "नुसती, बी न घालता. गोल वीस मिलिमीटर."

"मुळ्याचा एकवीस होता ना?"

"एकवीस."

"मग एक मिलिमीटर तुमचा असू शकतो, काका." ती हे गंभीरपणे म्हणाली, चेष्टेत नाही. "किंवा मोजण्यातला फरक. दहा प्लेटा लावून बघितलं पाहिजे. लॅबमध्ये या. घरी नको."

मी विचार करतो म्हणालो. जाणार नाही. पुढच्या महिन्यात कदाचित.

उतरताना ती म्हणाली, "काका, मी शनिवारी पुण्याला चाललेय, आठवडाभर. परिषद आहे. वसुताईंकडे बघा."

वसुताईंकडे बघा! मला!

१५ जून, रविवार

सकाळी आंघोळ करून वसू खोलीत आली. हातात मलम. दार लोटलं.

"माझा हात पाठीवर मध्यापर्यंत पुरत नाही," ती म्हणाली. "रोज नीरजा लावायची. ती नाहीये."

"म्हणजे ती नाही म्हणून मी."

"हो," वसू म्हणाली. तिनं खोटं बोलणं आता पार सोडलंय असं दिसतं.

ती खाटेवर पाठ करून बसली. मी मलम बोटावर घेतलं. कड कुठं संपते आणि चांगली कातडी कुठं लागते ते डोळ्यांना नीट कळत नाही, बोटाला कळतं. कड खरबरीत असते. चकतीच्या थोडं बाहेरपर्यंत लावायचं असतं, बाहेरून आत. हे मला माहीत होतं, गिऱ्हाइकांना कैक वेळा सांगितलंय. कुणाच्या पाठीवर केलं नव्हतं.

"रगडू नका हो. आग होते."

"रगडत नाहीये."

"रगडताय. नीरजा हलक्या हातानं लावते. कळतसुद्धा नाही."

मी हात उचलला. पुन्हा ठेवला. अर्ध्या जोरानं. मग त्याच्याही अर्ध्या. खांदे जे वर चढवून बसली होती ते खाली आले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो कोपऱ्यापर्यंत गेला तरी माझी उजवी बाजू पुरी झाली नव्हती.

"किती वेळ लावता," ती म्हणाली. पण उठली नाही.

संध्याकाळी पुन्हा लावायचं आहे. नीरजा पुढच्या रविवारी येते. तोवर माझा हात तिच्याहून हलका व्हायला हवा.